पाच तारे आतल्यांचे, बाहेरच्यांचे काय?

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरचा रविवार होता. माझ्या मामांच्या नातवाने नवी स्कॉर्पिओ-एन घेतली. पोरगा पुण्यात नोकरीला आहे. गाडी घेऊन तो थेट अंबाजोगाईला आला, आधी विहारात वंदना केली आणि मग "काका, चला, आबांना फिरवून आणू" म्हणत माझ्या दारात हजर झाला. चाकांची हवा तपासायला आम्ही परळी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीच्या शेडसमोर थांबलो. तिथे नुकताच पांढरा रंग दिलेली एक जुनी अ‍ॅम्बेसेडर उभी होती. कुणा हौशी मालकाने ती लग्नाच्या वरातीसाठी दुरुस्त करून घेतली होती.

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि पाच-दहा माणसे जमली. लगेच वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, "ह्या नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. खरं लोखंड त्या अ‍ॅम्बेसेडरचं." दुसरा म्हणाला, "लोखंड घेऊन काय करता? हिला पाच तारे आहेत." वाद रंगला. मामा मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते अ‍ॅम्बेसेडरच्या चालकाच्या दाराशी गेले, त्यावरून हात फिरवला आणि परत आले. मामांनी सरकारी खात्यात सारी उमर अ‍ॅम्बेसेडर चालवण्यात घालवली आहे, हे त्या घोळक्यात कुणालाच माहीत नव्हते.

चळवळीच्या दैनिकात गाड्यांची तुलना कशाला, असे काही वाचक विचारतील. रस्त्यावर कोणते वाहन आहे, त्यात कोण बसते, ते कोण चालवते आणि त्याखाली कोण येते, हा समतेचाच प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. अपघात दाव्यांच्या फायली रोज हाताळणारा वकील म्हणून ते मला अधिकच जाणवते.

लोखंडाचा भ्रम

आधी गाड्यांविषयी. अ‍ॅम्बेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू केले आणि मे २०१४ मध्ये ते थांबले. अर्धशतकाहून अधिक काळ तीच गोल पाठ, तेच रूप. तिचे पेट्रोल इंजिन बराच काळ १४८९ सीसीचे, ताकद जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास. जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे, पुढची सीट सलग, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. शेजारची स्कॉर्पिओ-एन जून २०२२ मध्ये बाजारात आली. ती तयार होते पुण्याजवळच्या चाकणला. तिचे डिझेल इंजिन सुमारे २२०० सीसीचे, आणि सर्वांत ताकदवान प्रकारात १७० अश्वशक्तीच्या पुढे. जुनीपेक्षा नवी फूटभर लांब, वीतभर रुंद आणि वीतभर उंच.

आता लोखंडाचे. जाड पत्र्याची जुनी गाडी जास्त सुरक्षित, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेत २००९ साली विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या मुद्दाम समोरासमोर धडकवल्या. जुनी गाडी लांबरुंद, भरभक्कम, लोखंडी. पण तिची बैठकीची जागाच चेपली. तिच्यातला माणूस वाचला नसता, असा निष्कर्ष निघाला. नव्या गाडीतल्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. कारण सरळ आहे. धडकेचा जोर कुणीतरी सोसावाच लागतो. नव्या गाडीचे नाक चुरगळून तो जोर पिते, पट्टा आणि हवेची उशी माणसाला धरून ठेवतात. जुन्या गाडीत तो जोर माणसाच्या छातीपर्यंत पोहोचतो.

पण नवी म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. जुन्या स्कॉर्पिओच्या हवेच्या उशा नसलेल्या प्रकाराला २०१६ साली 'ग्लोबल एनकॅप'च्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला त्याच संस्थेने प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले, मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र तीनच. शून्यावरून पाचापर्यंतचा हा प्रवास कंपन्यांच्या दयेमुळे झालेला नाही. चाचण्यांचे निकाल जाहीर झाले, लोक बोलले, कायदा आला. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे हवेची उशी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली. हक्क असो की हवेची उशी, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

म्हणून तुलनेचा पहिला निकाल स्पष्ट आहे. आत बसणाऱ्यासाठी नवी गाडी चांगली. घरच्यांना घेऊन प्रवास करायचा तर जुन्याच्या प्रेमात पडू नका.

आठवणी कुणाच्या?

मग अ‍ॅम्बेसेडरचे एवढे गोडवे का गायले जातात? वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून तिच्यावर भरभरून लिहिले गेले. ऐसपैस सीट, खड्ड्यातही न जाणवणारा धक्का, मागे रेलून केलेले प्रवास. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. जुन्या गाडीच्या आठवणी सांगणारे बहुधा मागच्या सीटवर बसलेले असतात. पुढे चालवणाऱ्याच्या आठवणी कुणी छापत नाही.

परवान्यांच्या त्या काळात मोटारी मोजक्याच बनत आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तोवर मोटार म्हणजे मंत्री, कलेक्टर, कारखानदार आणि बडे बागायतदार. आपल्या वस्तीच्या दृष्टीने पांढरी अ‍ॅम्बेसेडर म्हणजे 'साहेब आले'. पोरे गाडीमागे धावत, म्हातारी माणसे उठून उभी राहत. माणूस कोण आहे हे कळायच्या आत गाडीला मुजरा होई.

मामा ती गाडी चालवत. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. जळालेल्या घरांची पाहणी करायला साहेब निघाले तेव्हा गाडी मामांच्या हाती होती. साहेब मागे बसून कागद चाळत आणि मामांना समोर नात्यातल्या माणसांची काळी पडलेली घरे दिसत. गाडी थांबली तरी चालकाने खाली उतरून कुणाशी बोलायचे नाही, असा अलिखित नियम होता. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले. एवढ्या नोकरीत आपण कधी मागच्या सीटवर बसलात का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "मपली जागा ती नव्हती, बाबा. पुसायला बसायचो, तेवढंच."

वाहन आणि जात यांचे नाते बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर सोसले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते धुळ्याला गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांना त्यांना सन्मानाने न्यायचे होते. पण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत पडला.

या प्रसंगात वाहन होते, रस्ता होता, पैसेही होते. नव्हती ती समता. वाहन मिळाले की प्रश्न सुटला असे नसते, हे चाळीसगावने शिकवले आहे.

नवी गाडी, जुनी मस्ती

पांढरी अ‍ॅम्बेसेडर गेली. १ मे २०१७ पासून लाल दिवाही गेला. पण रुबाब गेला का? तो फक्त उंच झाला. आज बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात मोठी, उंच गाडी धूळ उडवत शिरली की रस्त्यावरची माणसे बाजूला होतात, ती वाहतुकीच्या नियमाने नव्हे, धाकाने. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे गाडी अडवून अपहरण झाले आणि त्यांचा खून करण्यात आला. तेव्हापासून या भागात काळ्या काचांची गाडी मागे आली तरी साध्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दोष लोखंडाचा नाही, हे मान्य. पण गाडीचा दहशतीसाठी वापर होतो आणि तो उघड्यावर होतो.

कायदा काय सांगतो? पुढच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. गाडीच्या नाकाला लोखंडी दांडे लावण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून मनाई केली. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काही लिहिता येत नाही. तरीही 'दादा', 'साहेब', 'सरकार' आणि जातींची नावे अंकांच्या जागी मिरवत फिरतात.

हे लिहिताना बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्याही तरुणांच्या काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर अंक कमी आणि घोषणा जास्त असतात. जयंतीच्या मिरवणुकीत गाडीच्या टपावर बसून हॉर्न वाजवणाऱ्याला मी जाहीरपणे विचारले आहे की बाबा, संविधान लिहिणाऱ्याच्या नावाने कायदा मोडून तू कुणाचा सन्मान करतोस? निळ्या झेंड्याचा अभिमान जरूर असावा. पण कालपर्यंत आपण ज्या धाकाखाली दबलो, तोच धाक आपण उंच सीटवर बसून दुसऱ्याला दाखवणार असू, तर बदल फक्त चालकाचा झाला.

ताऱ्यांच्या बाहेरची माणसे

आता मुख्य मुद्दा. हे पाच तारे मोजले जातात ते गाडीच्या आत बसलेल्या प्रौढांचे आणि मुलांचे. पादचाऱ्याच्या संरक्षणाचा एक किमान नियम गाडीने पाळावा अशी अट आहे, पण त्याला वेगळा तारा नाही. आणि रस्त्यावर मरतो कोण? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यात साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. साडेएकोणीस टक्के पायी चालणारे. मोटारी, टॅक्सी आणि तत्सम हलक्या वाहनांतले साडेबारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मोटारीत बसून मरणाऱ्यापेक्षा पायी चालताना मरणारे अधिक.

उंच नाकाच्या गाडीबाबत याच अमेरिकी संस्थेने २०२३ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच आहे, अशा गाड्यांची धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या व उतरत्या नाकाच्या मोटारींच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. बुटकी मोटार पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी सरळ छातीला आणि डोक्याला लागते. शाळेत निघालेल्या पोराच्या बाबतीत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आपली माणसे कुठे आहेत? दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांची टोळ्या-टोळ्यांनी पांगापांग होते. पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, लेकरे आणि माणसे एकत्र भरलेली असतात. तिला पट्टा नाही, टप नाही, पुष्कळदा मागे साधा लाल दिवाही नाही. तिला कुणी तारे देत नाही. रात्री मागून भरधाव गाडी येते आणि मग अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसे आणली जातात. नंतर त्यांची फाईल आमच्या टेबलावर येते.

फाईल उघडली की दुसरा अपघात सुरू होतो. ट्रॉली म्हणजे मालवाहू वाहन. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि हेच दाखवतो. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉली विम्यात धरलेलीच नव्हती, असेही सांगतो. ट्रॅक्टरमालकाकडे वसूल करण्यासारखे काही नसते. कधी न्यायालय 'आधी कंपनीने भरावे, मग मालकाकडून वसूल करावे' असा आदेश देते, कधी देत नाही. त्यात मेलेली बाई असेल तर आणखी अडचण. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल जोडीची, व्यवहार नवऱ्याच्या नावावर. मग तिचे स्वतःचे उत्पन्न दाखवायला कागद कुठून आणायचा? घरातल्या कामालाही किंमत धरली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कीर्ती खटल्यात ठामपणे सांगितले, त्याचा आधार घेऊन आम्ही भांडतो.

पाच ताऱ्यांची गाडी आणि बिनदिव्याची ट्रॉली एकाच रस्त्यावर धावतात. एकीत बसलेल्याच्या प्रत्येक बरगडीचा हिशेब प्रयोगशाळेत झालेला असतो, दुसरीत बसलेल्याचे नाव प्रवासी म्हणूनसुद्धा लिहिलेले नसते. जुनी गाडी विरुद्ध नवी गाडी या वादात ही तिसरी गाडी कुणाला दिसत नाही.

मग गाडी घेऊ नये काय?

जरूर घ्यावी. साधेपणाचे उपदेश आपल्याला पुष्कळ झाले. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राला दोष देणाऱ्या विचाराचा समाचार घेतला आहे. यंत्र माणसाला कष्टातून सोडवते, त्याला उसंत देते. वाईट परिणाम होतात ते चुकीच्या समाजरचनेमुळे, अशी त्यांची मांडणी होती. मामांच्या नातवाने स्वतःच्या कमाईची गाडी विहारासमोर उभी केली, याचा मला अभिमानच आहे. प्रश्न एवढाच आहे की गाडी आल्यावर आपण कसे वागणार.

काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मागच्या सीटवरही पट्टा लावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या गाडीत मागे बसलेले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. अपघात झाला तर दावा वेळेत दाखल करा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. हे आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत ते वाचून दाखवा.

आणि एक काम चळवळीच्या शाखांनी करावे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात तेव्हा प्रत्येक ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवाव्यात. खर्च एका मिरवणुकीच्या डीजेपेक्षा कितीतरी कमी आहे. सोबतच कारखान्यांकडे आणि मुकादमांकडे मागणी करावी की माणसे बसने न्या, मालासारखी ट्रॉलीत भरू नका.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही परत निघालो. नातवाने मागचे दार उघडले आणि म्हणाला, "आबा, आज तुम्ही मागं बसायचं." मामा क्षणभर थबकले, मग बसले. बसल्या बसल्या पट्टा शोधून लावला. लोखंडी सावरगावच्या अलीकडे अंधार पडला. पुढे एक ट्रॉली चालली होती, बिनदिव्याची. आमच्या गाडीचा लखलखीत उजेड तिच्यातल्या बायका-पोरांच्या तोंडावर पडला आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरले. मागून मामा म्हणाले, "दिवा खाली घे रं. माणसं हायत ती."

पोराने दिवा खाली घेतला, वेग कमी केला आणि वळण येईपर्यंत आम्ही त्या ट्रॉलीच्या मागे हळूहळू चालत राहिलो. आमची मागची बत्ती पाहून बाकीच्या गाड्याही सावकाश येत होत्या.